उशीतला हुकूम

राजाचा बिछाना घालायला दहा माणसं लागत. राजा अकरा वर्षांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पण बिछान्याचा थाट आजोबांच्या वेळचा. एकाने खालच्या गवतात खंजीर खुपसून बघायचं, दुसऱ्याने पिसांच्या गादीवर इकडून तिकडे लोळायचं, आत कुणी काही दडवलेलं नाही ना याची खात्री करायला. मग चादरी, उशा, आणि जिथे जिथे हात लागला तिथे चुंबन. खंजीर आणि उशा एकवीस वर्षं, म्हणजे आधीच्या राजापासून, त्या दहांतल्या कथबर्टकडे होत्या. राजाशी तो कधी एक शब्दही बोलला नव्हता, तशी रीतच नव्हती. पोराला तो ओळखायचा ते गादीत पडलेल्या खळग्यावरून. हल्ली तो खळगा लहान होत चालला होता, आणि त्याचं कथबर्टला वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात राजाच्या मामाला, म्हणजे कालपर्यंत राज्य चालवणाऱ्यालाच, नदीकाठच्या टॉवरच्या तुरुंगात टाकलं आणि लॉर्ड वेनब्रीने कारभार बळकावला. काल मामापुढे कमरेत वाकणारे आज वेनब्रीपुढे वाकू लागले. दरबारी कण्याला तेवढं जमतंच. मामाबरोबर त्याचे कारकूनही धरले गेले. त्यात कथबर्टचा धाकटा भाऊ पियर्स होता. गुन्हा काय, तर मामाची पत्रं त्याच्या अक्षरात सापडली. कारकुनाच्या नाही तर कुणाच्या अक्षरात सापडणार? पण विचारतो कोण. शुक्रवारी फाशी ठरली.

जे बिछान्यात कुणी करू नये म्हणून जन्म घालवला, तेच कथबर्टने सोमवारी केलं. उशीच्या अभ्र्यात भावासाठीचा अर्ज सरकवला आणि बिछाना ठीक असल्याचं सांगून टाकलं.

मंगळवारी सकाळी अर्ज अभ्र्यातच होता. खाली शाळकरी, गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘याला सोडावं. ही माझी इच्छा आहे.’ त्याखाली सही.

कथबर्ट रडला. एकवीस वर्षं राजाची उशी चुंबणाऱ्या माणसाला राजाच्या शब्दापुढे आणखी काही असतं हे कुठून कळणार? होडी करून तो थेट टॉवरवर गेला.

तिथल्या जेलरने कागद दोनदा वाचला. “वेनब्रीसाहेबांची सही कुठंय?”

“राजाची आहे की.”

“अरे बाबा, राजाची सगळ्यांवरच असते.” त्याने पेटीतून दुसरा कागद काढून दाखवला. पियर्सच्या फाशीचा हुकूम. त्यावरही तीच गोल सही होती.

जेलरने वर कळवलं, आणि तासाभरात कथबर्ट वेनब्रीसमोर उभा होता. साहेब नासपती सोलत होते. रागावले नाहीत, उलट बस म्हणाले. राजा हळवा आहे, ते म्हणाले. आज तुझ्या भावासाठी कळवळतोय, उद्या मामाबद्दल विचारायला लागेल. मग पियर्सला मुलं किती, ते विचारलं. तीन, आणि तिन्ही सध्या कथबर्टच्याच घरी.

“मग त्यांच्यासाठी कुणीतरी मागे राहायला हवं,” वेनब्री म्हणाले आणि दौत पुढे सरकवली. “लिही. भाऊ सुटला, घरी आला, पोरं त्याला बिलगली. परवा उशीत ठेव.”

“हुजूर, तो अजून जिवंत आहे.”

“म्हणून तर आत्ता लिही. शुक्रवारनंतर तुझा हात चालायचा नाही.”

कथबर्टने लिहिलं. पोरांसाठी लिहिलं, असं तो पुढे आयुष्यभर स्वतःला बजावत राहिला. पण लिहिताना डोळ्यांपुढे पोरं नव्हती, स्वतःची मान होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी त्याने ते पत्र उशीत ठेवलं.

शुक्रवारी रजा मिळाली नाही. बिछान्याला रजा नसते. अभ्रा बदलताना हाताला घडी लागली. इतरांकडे पाठ करून त्याने ती उघडली.

‘वाचून मला फार आनंद झाला. आजवर माझ्यामुळे कुणी सुटलं नव्हतं. आणखी कुणी अडकलं असेल तर मला सांग.’

शेजारच्या खोलीत राजा लॅटिनचा धडा म्हणत होता, मधेमधे खोकत. मध्ये फक्त एक दार होतं, तेही अर्धं उघडं. टॉवरमधून पियर्सला फाशीला नेणारी गाडी निघायला अजून तास होता. आत जावं, गुडघे टेकावेत आणि सांगावं, आहे, एकजण अजून अडकलेला आहे. एवढ्याने काही झालं नसतं, हे कथबर्टला आता कळत होतं. पण निदान त्या पोराला खरं तरी कळलं असतं, आणि पियर्ससाठी एक माणूस तरी बोललेला असता.

तो दाराकडे बघत राहिला. आतला धडा संपला, पुस्तक मिटल्याचा आवाज आला. बिछान्याच्या पलीकडून कुणीतरी हाक मारली, तेव्हा कथबर्टने चादरीचं आपलं टोक उचललं.