मुळांची टोकं

"सर, ह्या मुळांची टोकं कुठायत?"

"काल जाताना जरा नीटनेटकी करून ठेवली, ताई," नवे सर खुशीत म्हणाले. "बाहेरच्या परीक्षक येणार ना आज! एक लांब, एक आखूड, बरं नाही दिसत. खालचं पिवळट होतं तेवढं कापून टाकलं."

लॅबताईने बाटली उजेडात धरली. कांद्याची मुळं काडेपेटीतल्या काड्यांसारखी एका मापाची झाली होती. चार दिवस आधी कांदे पाण्यावर ठेवायचे, मुळं फुटली की सकाळच्या वेळी कापून औषधात मुरवायची, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली ती परिचर. ह्या विषयाची परीक्षा तिने कधी दिली नव्हती. पण मूळ वाढतं ते शेवटच्या दोन मिलिमीटरच्या जोरावर, हे तिला पाठ होतं. तिथेच एका पेशीच्या दोन होतात. गुणसूत्रं आधी दुप्पट होतात, मग दोन्हीकडे सारखी वाटली जातात. वरच्या पेशी नुसत्या लांबत जातात. सरांनी नेमकं विभाजन तेवढं कचऱ्यात टाकलं होतं.

"अकराला बावीस मुलं बसणार. ह्यात कुणाला काही दिसायचं नाही."

"अहो, पेशी काय, सगळीकडेच असतात."

"असतात की. पण त्या दुभंगत नाहीत."

सरांनी पुस्तक उघडलं. दोन पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कापताना विचारलंत मला?"

विभाजनाची एकही अवस्था दाखवता आली नाही, तर मुलांचे दहा गुण सरळ जाणार होते. आणि खुलासा द्यायचा तो तिने, कारण तयारीच्या वहीत सही तिची.

नऊ वाजले होते. मुळं फारच आखूड म्हणून तिने सोडून दिलेले दोन कांदे खिडकीत अजून पाण्यावर होते. तिने मोजली. चौदा मुळं. टोकं कापून तिने लगेच औषधात टाकली. दिवसभराचं मुरवणं तासाभरात उरकायचं होतं.

"चौदा जणांना ही द्या, बाकीच्यांना जुनी," सर म्हणाले. "ज्याच्या त्याच्या नशिबात असेल ते."

"नशिबावर दहा मार्क? मुलांनी काय घोडं मारलंय?"

तिने भिंग पुढे ओढलं, नवं ब्लेड काढलं आणि मोहरीएवढ्या आठ टोकांचे उभे दोन-दोन भाग केले. सरांनी मदतीला हात पुढे केला. "तुम्ही फक्त दिवा धरा," ती मान वर न करता म्हणाली.

साडेअकरापर्यंत सगळ्यांचं रंगवून, काचेखाली दाबून झालं होतं. तिसऱ्या टेबलावरची मुलगी एकदम ओरडली, "दिसलं! ओढली जातायत दोन्हीकडे!"

"हळू," परीक्षकबाई म्हणाल्या. "अवस्था कोणती ते सांग."

एकवीस जणांना काही ना काही दिसलं. एका पठ्ठ्याने अंगठ्याने दाबता दाबता काचच फोडली, पण ते त्याचं स्वतःचं कर्तृत्व.

"स्लाइडची तयारी छान होती हं," जाताना परीक्षकबाई सरांना म्हणाल्या.

"आम्ही दरवर्षी काळजी घेतो." सरांना नोकरीला लागून दोन महिने झाले होते. स्लाइडचा ट्रे घेऊन लॅबताई मागेच उभी होती. तिच्याकडे लक्ष जाताच त्यांचे कान लाल झाले, पण ते परीक्षकबाईंना सोडायला दारापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रयोगशाळा उघडली, तर सिंकच्या वर एक कागद चिकटवलेला होता. सरांचंच सुवाच्य अक्षर: "परिचरांसाठी सूचना. तयारी करताना मुळांची टोके कापून टाकू नयेत."

तिने ते दोनदा वाचलं. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो तिने अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि नळ सोडला.