मी कधीच न काढलेली उष्णता

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे, आणि आज तुमच्यासमोर बसताना मला मान वर करवत नाही. आपलं आयुष्य सांगायला बसलेली भांडी सहसा आपली थोरवी सांगतात. मीही सांगितली असती, कारण अख्ख्या वस्तीत माझी वाहवा होती. पण ती माझ्या कमाईची नव्हती, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी मी ती घेत राहिले. त्यापायी एक चौदा महिन्यांचं पोर हातचं जाणार होतं. तेच आज सांगते.

माझा जन्म नगरचा. एका कासाराने तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं, घासून लखलखीत केलं आणि दुकानात पुढेच मांडून ठेवलं. टिचकी मारली की मी बराच वेळ घुमायचे, आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. पारनेर तालुक्यातल्या एका आईने लेकीच्या रुखवतासाठी मला निवडलं. त्या लेकीचं नाव रतनबाई. तिच्याबरोबर मी सासरी आले, गावापासून थोडं लांब, बाजरीच्या रानातल्या वस्तीवर.

पहिली वर्षं सरळ कामाची गेली. माझ्यात दूध-भाकरी कुस्करली जायची, गरम वरण वाढलं जायचं. रतनबाईचा मुलगा हर्षल माझ्यातच जेवायला शिकला आणि जेवण झालं की मला जमिनीवर आपटायलाही. मग घरात स्टील आलं. ते हलकं, घासायला सोपं, पडलं तरी काळजी नाही. मला फळीवर डब्यांच्या मागे सरकवलं गेलं. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही, फक्त विसरले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार राग यायचा.

एका उन्हाळ्यात रतनबाईला आठवलं, की तिची आई काशाच्या वाटीने घरच्यांचे तळपाय चोळायची. तळव्यांना तूप नाहीतर खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने चोळत राहायचं. चोळता चोळता तळवे काळे होतात. लोक म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. दिवसभर राबलेल्या पायांना बरं वाटतं, शांत झोप लागते, त्यात खोटं काही नाही. पण तो काळा रंग माणसाच्या अंगातून येत नाही. तो माझ्या धातूचा आणि तुपाचा असतो. तूप लावलेल्या फरशीवर मला घासलं, तरी फरशी काळी होईल.

हे मला ठाऊक होतं. पण बायका तळवे बघून म्हणायच्या, "रतनबाईची वाटी लई गुनाची हाय," आणि मला गुदगुल्या व्हायच्या. कुणाचे डोळे चुरचुरले, कुणाचं तोंड आलं, की मला बोलावणं यायचं. फळीवरच्या अडगळीतून उठून मी देवाशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसले. वाटीने फुगावं किती, याला काही मर्यादा असते. मी ती केव्हाच ओलांडली होती.

आता ओमची गोष्ट. हर्षलचं लग्न झालं, तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला लागला. त्याची बायको अश्विनी आणि त्यांचा मुलगा ओम. गेल्या मे महिन्यात वस्तीवर टँकरचं पाणी यायचं आणि उघड्या पिंपात दिवस दिवस राहायचं. त्यात कुणाचेही हात बुडायचे. एका सकाळी ओमला जुलाब लागले. पाण्यासारखे पातळ, दुपारपर्यंत सहा-सात वेळा.

"उष्नता झालीय," रतनबाई म्हणाली. "दात येत्यात त्याला. पोटाला इसावा द्या. काय बी खायाला घालू नका. पानी तर नकोच, पाजलं की लगीच खाली उतरतंय."

अश्विनीने घाबरत विचारलं, "आत्या, अंगावर तरी पाजू का?"

"तुजंच दूध बाधलं आसंल. उद्यापतूर ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, रतनबाई दुष्ट नव्हती. नातवावर तिचा जीव होता. आत गेलेलं बाहेर पडतंय, तर आत काही घालूच नये, असा तिचा साधा हिशोब. तिच्या सासूने तिला हेच शिकवलं होतं. तिने कोनाड्यातून मला उतरवलं, ओमच्या इवल्या तळव्यांना तूप लावलं आणि चोळायला लागली. तळवे काळे झाले. "बघ, किती साठली हुती," ती म्हणाली. मी मुकाट्याने फिरत राहिले.

दिवसभर ओम रडत होता. अश्विनीचं दूध भरून येऊन चोळी ओली होत होती आणि ती पोराकडे पाठ करून बसली होती, कारण तो तिला बघून जास्त रडायचा. मधूनच रतनबाईने त्याच्या ओठांवर कोऱ्या चहाचे दोन थेंब लावले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला तीनदा उतरवलं, तीनदा चोळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जुलाब कमी झाले. दिवेलागणीपर्यंत जवळजवळ थांबलेच. रतनबाईने मला पदराने पुसलं आणि कपाळाला लावलं. आता सांगते ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. त्या वेळी मला बरं वाटलं. ओमचा पाय गार पडला होता, तो रडला तरी डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती. जुलाब थांबले, कारण पोटात बाहेर पडायला काही उरलंच नव्हतं. हे सगळं मला कळत होतं, आणि तरी कपाळाला लावून घेताना मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती ज्ञानेश्वरी, लसीकरणाचा दिवस सांगायला आली. ओमकडे बघताच तिने हातातली वही खाली ठेवली.

"मावशी, यानं लघवी कधी केली?"

रतनबाईने अश्विनीकडे बघितलं, अश्विनीने रतनबाईकडे. दोघींना सांगता येईना. ज्ञानेश्वरीने ओमच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश, उशिराने खाली बसली. डोळे खोल गेले होते. जीभ कोरडी होती.

"याला काय काय दिलंय?"

"काय बी न्हाई," रतनबाई अभिमानाने म्हणाली. "दोन दिस पोट रिकामं ठेवलंय."

ज्ञानेश्वरी रागावली नाही. अश्विनीला एवढंच म्हणाली, "आधी त्याला अंगावर घे. घे लगेच. आपल्याला आरोग्य केंद्रात जायचंय." शेजाऱ्यांचा टेम्पो मिळाला. अश्विनीने ओमला पदराखाली घेतलं आणि तो असा तुटून पडला, की तिला रडू आवरेना. रतनबाईने पिशवीत ओमचे कपडे भरले, थोडे तांदूळ आणि मुगाची डाळ घेतली. वर मलाही ठेवलं. तिथे पाय चोळायला.

केंद्रातल्या नर्स जहिरा सिस्टर. त्यांनी क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, एक अख्खी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर मोजलेल्या पाण्यात मिसळली आणि चमचा अश्विनीच्या हातात दिला. पहिला चमचा दिसताच ओमने दोन्ही हातांनी तो ओढला. इतकी तहान त्या लेकराला लागली होती, आणि दोन दिवस आम्ही त्याचे पाय चोळत होतो. मध्ये एकदा त्याला उलटी झाली. रतनबाई पुढे झाली, "म्हनलं न्हवतं, पोटात ठरत न्हाई?" सिस्टर म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबू, मग पुन्हा देऊ, जरा सावकाश." दहा मिनिटांनी चमचा पुन्हा सुरू झाला. कारखान्यातून धावत आलेल्या हर्षलने दुकानातलं गोड रंगीत पेय आणलं होतं. सिस्टरांनी ती बाटली बाजूला ठेवायला लावली, जास्त साखरेने जुलाब वाढतात म्हणाल्या.

चार तास तसे गेले. पोटात पाणी गेल्यावर जुलाब पुन्हा झाले, तरी चमचा थांबला नाही. डॉक्टर दोनदा बघून गेले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, आज आला नसतात, तर उद्या शिरेतून सलाईन लावूनही खात्री देता आली नसती. रतनबाईने ते ऐकलं. मग दुपारी अश्विनीच्या मांडीवर एकदम ओलं झालं. लघवी. पोराने लुगडं भिजवलं म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी पहिल्यांदा बघितली.

"आता जेवण," जहिरा सिस्टर म्हणाल्या.

"जुलाब असताना?" रतनबाईने विचारलं.

"असतानाच. रिकामं ठेवून आतडं कसं भरून येईल, मावशी? तुमच्या पायाला जखम झाली तर भाकर सोडता का?"

केंद्रामागे राहणाऱ्या शिपाईबाईंच्या चुलीवर रतनबाईने मुगाची डाळ घालून मऊ भात शिजवला. तो कालवायला पिशवीत वाटी म्हणून मीच होते, तुपाने माखलेली. ती मला नळावर घेऊन गेली. साबणाने घासलं, धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं. फडकं काळं झालं. तिने पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं. पुन्हा काळं. ओम तर लांब आत खाटेवर होता. इथे कुणाचा पाय नव्हता, कुणाची उष्णता नव्हती. नळाखाली फक्त मी होते आणि तिचं फडकं होतं.

रतनबाई नळाजवळ उकिडवी बसली. तिने फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी हे तुजंच हुतं व्हय," ती म्हणाली.

मित्रांनो, मला कुणी वितळवून टाकलं असतं तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांची माझी कीर्ती त्या फडक्यावर पडली होती आणि तिला साबणाचा वास येत होता. रतनबाईने फडकं स्वच्छ निघेपर्यंत मला घासलं. मग भात आत घेतला, बोटाने चेपून मऊ केला आणि स्वतः ओमला भरवला. त्याने चार घास खाल्ले आणि पाचवा थुंकला. सिस्टर म्हणाल्या, थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा.

घरी आल्यावर तसंच चाललं. आईचं दूध तर होतंच. शिवाय वरण-भात, कुस्करलेलं केळं, ताजं दही-भात, उकडलेला बटाटा. प्रत्येक जुलाबानंतर क्षारसंजीवनी, आणि पुडी कालवल्याला दिवस झाला की उरलेलं पाणी ओतून द्यायचं. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. झालेली झीज भरून निघावी म्हणून दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. पिंपावर झाकण आलं, पाणी उकळायला लागलं, जेवू घालण्याआधी साबणाने हात धुतले जायला लागले. ओम चौथ्या दिवशी उठून चालायला लागला.

इथे गोष्ट संपली असती तर मी कमी शरमले असते. पण वस्तीवर बोलबाला झाला, की रतनबाईच्या वाटीने नातू वाचवला. टँकरच्या रांगेत बायका तिला म्हणाल्या, "वाटी हाय म्हनून बरं, न्हाईतर पोरगं गेलं हुतं." रतनबाई काहीच बोलली नाही. नुसती हंडा भरून घरी आली. घरी येऊन माझ्याकडे बघेना. तिला खरं माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघी गप्प होतो.

आठ-दहा दिवसांनी पलीकडच्या घरातली रंगुबाई दारात आली. तिच्या नातीला कालपासून जुलाब होत होते.

"रतनबाई, तुजी वाटी दे. पोरीला काय बी दिलं न्हाई आमी, पोट रिकामंच ठेवलंय तू ठेवलं हुतं तसं."

रतनबाईने हात कोनाड्यापर्यंत नेला. मला वाटलं, आता मला देईल, आणि पुन्हा तेच. अंगणात आणखी दोघीजणी उभ्या होत्या. गप्प राहणं फार सोपं होतं. तिने हात मागे घेतला.

"वाटी न्हाई देत," ती म्हणाली, "वाटीनं काय बी केलं न्हाई. काळं तिचंच निघतंय, मी धुऊन बघितलंय. माजं पोरगं मीच मारीत हुते, रंगुबाई. दोन दिस तान्ह्याचं पानी तोडलं मी. त्याच्या आयचं दूध तोडलं. दवाखान्यानं वाचवलं त्याला, आन् भातानं."

रतनबाईची मान खाली होती, पण पाय चालायला लागले होते. तिने डब्यातली क्षारसंजीवनीची पुडी घेतली, उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी काखेला मारली आणि निघाली. जाता जाता रंगुबाईला विचारलं, "पोरीनं लघवी कवा केली?" रंगुबाईला सांगता आलं नाही, तेव्हा रतनबाईने तिथूनच ज्ञानेश्वरीला फोन लावायला अश्विनीला सांगितलं.

मित्रांनो, मी कोनाड्यात बसून हे सगळं ऐकलं. जे बोलायला रतनबाईला चारचौघींत मान खाली घालावी लागली, ते मी इतकी वर्षं मनात ठेवून मिरवत होते. मला वाचा नाही, असं मी स्वतःला समजावते. त्याने लाज कमी होत नाही.

पण तुम्हाला वाचा आहे. तुमच्या घरात, शेजारी, आत्याकडे, मामाकडे एखाद्या बाळाला जुलाब लागतील. कुणी म्हणेल, पोट रिकामं ठेवा, पाणी तोडा. तेव्हा तुम्ही विचारा, बाळ शेवटचं कधी प्यायलं, कधी जेवलं, त्याने लघवी कधी केली. डोळे खोल गेले असतील, बाळ मलूल पडलं असेल, शौचात रक्त दिसलं, तर दवाखान्यात चला म्हणून हट्ट धरा. मोठी माणसं तुम्हाला गप्प बसवतील, लहान तोंडी मोठा घास म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही पुन्हा विचारा.