डबी रिकामीच राहिली

मी एक जुनी वाढदिवसांची दिनदर्शिका आहे. मित्रांनो, माझा पत्ता सांगताना आजही माझी मान खाली जाते. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या एका गावात, वीबे आणि हिस्के या नवराबायकोच्या घरी, संडासाच्या दाराला आतून मी टांगलेली आहे. नाक मुरडू नका. इथे घरोघरी आमची जागा हीच. माणूस निवांत बसला की समोर तारखा दिसतात आणि कुणाचा वाढदिवस विसरत नाही.

माझा जन्म एका लहान छापखान्यात झाला. माझ्यावर वार नाहीत, साल नाही, म्हणून मी दरवर्षी चालते. हिस्केने लग्नानंतर मला विकत आणलं आणि दोन्हीकडच्या माणसांची नावं सुबक अक्षरात लिहिली. तेव्हा पाहुणे माझ्यावरची गोठलेल्या कालव्यांची चित्रं बघून बाहेर जाऊन कौतुक करत. पुढे दमट हवेने माझे कोपरे वळले. कधीकधी मे महिना उजाडला तरी माझ्यावर मार्चच असे.

तिसऱ्या बाळंतपणात हिस्के मरता मरता वाचली. तेव्हा वीबे म्हणाला, "पुरे झालं तुझं सोसणं. आता माझी पाळी." त्याने नसबंदी करून घेतली. अर्ध्या तासाचं काम, मग दोन दिवस गोठवलेल्या मटारची पिशवी मांडीत घेऊन बसणं. त्याचा धाकटा भाऊ डाउवे गाईगुरं पाळतो. तो दारातूनच ओरडला, "काय रे दादा, ये की गोठ्यात! खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांत एक जागा रिकामी ठेवलीय तुला!"

वीबे सगळ्यांबरोबर हसला. नंतर आत येऊन माझ्यासमोर बराच वेळ नुसता बसून राहिला. खरं तर त्याचं काहीच उणं झालं नव्हतं. उलट हिस्केच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि स्वयंपाकघरातून दोघांचं हसणं मला पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं. पण थट्टेची कुसळं लवकर निघत नाहीत.

दवाखान्याने त्याला एक डबी दिली होती. तीन महिन्यांनी तीत वीर्याचा नमुना घ्यायचा, ती कोटाच्या आतल्या खिशात उबेला ठेवायची आणि तासाभरात तपासणीच्या खिडकीवर द्यायची. निकाल येईपर्यंत, दिवस जाऊ नयेत म्हणून, पूर्वीसारखीच काळजी घ्यायची. घोडं तिथेच अडलं. त्या खिडकीवर ग्रीट बसते आणि दर मंगळवारी ती गावच्या गायनमंडळात वीबेच्या पुढच्याच रांगेत गाते. तिच्या हातात ती कोमट डबी द्यायची? तीन महिने झाले तेव्हा त्याने डबी इथे संडासातल्या कागदाच्या गुंडाळ्यांमागे दडवली आणि दाराआडूनच हिस्केला सांगितलं, "दिली गं. सगळं ठीक आहे म्हणाले."

हे खोटं मी जवळून ऐकलं. जनाची लाज राखायला निघालेला माणूस मनाची लाज सोडून बसला होता आणि मी मूग गिळून भिंतीगत गप्प राहिले.

दोन महिन्यांनी हिस्केला दिवस गेले. ती दवाखान्यावर भडकली. "तक्रार करू या," म्हणाली. वीबे म्हणाला, "जाऊ दे, हजारात एखाद्याचं होतं असं."

मग त्याचा वाढदिवस आला. बैठकीत खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, कॉफी आणि माणशी एक केकचा तुकडा. इथल्या रिवाजाप्रमाणे जो येईल तो घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करत होता. डाउवेचा आवाज दाराआड मला स्पष्ट ऐकू आला. "वहिनी, नवऱ्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन! आणि या चमत्काराबद्दलही! दादा तर आमचा खच्ची गोऱ्हा. मग हा प्रसाद कुठल्या देवळातला म्हणायचा?"

लोक हसले आणि हसता हसता थांबले. सगळे वीबेच्या उत्तराची वाट बघत होते. वीबे म्हणाला, "आलोच मी," आणि आत येऊन त्याने कडी लावली.

बाहेर त्याची आई हलक्या आवाजात विचारत होती, "हिस्के, तसलं काही असेल तर आत्ताच सांग गं बाई."

"आई, मला काय विचारता?" हिस्के म्हणाली.

मित्रांनो, वीबेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला त्याची कीव आली नाही, लाज वाटली. त्याची आणि माझीही. शेवटी त्याने गुंडाळ्यांमागून ती डबी काढली आणि कडी उघडली. दाराबरोबर मीही वळले, म्हणून पुढचं मला दिसलं.

"ही डबी मी दिलीच नाही," तो उभ्यानेच म्हणाला. "लाज वाटली. हिस्केशी खोटं बोललो. पोर माझंच आहे."

डाउवे चाचरला, "अरे, मी आपली गंमत..."

"पोर तुझंच आहे हे मला ठाऊकच होतं," हिस्के वीबेला म्हणाली. "पण या सगळ्यांनी माझ्याकडे तसं बघितलं तेव्हा तू कडी लावलीस. तो आवाज मी ऐकला."

दुसऱ्या दिवशी तो नमुना घेऊन खिडकीवर गेला. ग्रीटने मान वरसुद्धा केली नाही. "नाव? जन्मतारीख?" एवढंच विचारलं. नमुन्यात शुक्राणू सापडले; डॉक्टर म्हणाले, एका बाजूची नस पुन्हा जुळली असावी. त्याने शस्त्रक्रिया पुन्हा करून घेतली आणि या वेळी हिस्के बरोबर गेली. ती त्याच्याशी बोलते, हसतेही. पण थट्टामस्करी चालली की आधी त्याच्या तोंडाकडे बघते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना ओलीपासून जपा, एवढं आम्हाला पुरतं. आपल्या माणसाचं तेवढ्याने भागत नाही. लाज कुणाला सुटली आहे? पण ती वाटेल तेव्हा आपल्या माणसाला बाहेर एकटं ठेवू नका. वीबे आता आत आला की कडी लावत नाही. मुलं धाडकन दार उघडतात, तो ओशाळतो आणि तसाच बसून राहतो.