वाळकाचं बी

गाडग्याचं तोंड फोडलं आणि आई तिथंच खाली बसली. आत वाळकाचं, काकडीसारख्या त्या गोड फळाचं, बी होतं. किडू नये म्हणून राखेत घोळून, वरून शेणानं लिंपून ठेवलेलं. सगळं करपून काळं पडलं होतं. यंदा राख घालायचं काम राजेश्रीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हौसेनं मागून घेतलं होतं. चुलीतली राख वरून गार लागली, पोटात विस्तव होता.

हे बी आईनं लग्नात ताडकळसहून ओटीतून आणलेलं. माहेरी आता कुणी उरलेलं नाही.

मी सोनपेठला शाळेत विज्ञान शिकवतो. समजूत घालायची म्हणून सांगायला बसलो, की ऊन वस्तू आपोआप गार होते, गार वस्तू आपोआप ऊन होत नाही. भाजलेलं पुन्हा कच्चं होत नाही. काळ पुढंच जातो तो म्हणूनच. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की रविवार असूनही मी शाळेची वाट धरली.

राजेश्रीला ती चकार शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आता सासू आपल्या हाती काही सोपवणार नाही, ही भीती राजेश्रीला जेवू देईना.

शेवटी ती पिंगळीला सरजाबाईंकडं गेली. आईची ही मावसबहीण; कधीकाळी आईकडूनच मूठभर बी घेऊन गेलेली. पण त्यांच्या शेजारच्या रानातही वाळकं होती, मधमाश्यांना बांध कुठला कळतो? सरजाबाईंनी आधीच बजावलं, की लय सरमिसळ झालीय. राजेश्रीनं पुडी आणून आईपुढं ठेवली आणि तेही न लपवता सांगितलं. आईनं बी पेरलं.

भादव्यात फळ धरलं. आमचं वाळूक पिवळंधमक असायचं, हे पट्ट्यापट्ट्याचं निघालं. आईनं फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली.

"हे ते न्हाई," ती म्हणाली.

राजेश्रीनं मान खाली घातली.

"ते आता यायचं न्हाई, पोरी. पण हे लय ग्वाड हाय."

मग गरातलं बी बोटांनी ओढून तिनं राजेश्रीच्या तळहातावर ठेवलं. "माज्या माहेरचं संपलं. हे तुज्या घरचं. तूच संबाळ."

रस कोपरापर्यंत ओघळला, तरी राजेश्रीनं मूठ उघडली नाही.