रविवारची लिफ्ट

आमच्या ह्यांच्या कंपनीतून फोन आला. ट्रेनिंगच्या खोलीत साहेबांचा फोटो लावायचाय, छोटा कार्यक्रम आहे, तर वहिनी, तुम्ही त्यांच्याविषयी पानभर लिहून आणा. मी हो म्हणून बसले. चाळीस वर्षं ज्याचा डबा भरला त्याच्यावर एक पान भरायला कितीसा वेळ लागतो, असं वाटलं. दोन दिवस झाले तरी पहिल्या ओळीपुढे गाडी सरकेना. ‘निष्णात इंजिनिअर आणि कुटुंबवत्सल माणूस’, एवढंच. शेवटी तेवढंच मुलाला फोनवर वाचून दाखवलं.

"वत्सल?" तो म्हणाला. "आई, आपण त्यांच्या वाळूच्या गोण्या होतो. लिफ्ट पडते की राहते ते बघायला बाबा आपल्याला आत भरायचे. तू जा, मी काही येत नाही."

एकुलता एक मुलगा आणि बापाच्या फोटोला येत नाही म्हणतो! मी चांगली तडकले. पण खरा राग याचा होता, की त्याला उलट बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. हे गेले तेव्हापासून यांची आठवण असलेले आम्ही दोघंच. तो राहतो लांब, त्यात मनात ही अढी. मग मी यांच्या आठवणी काढायच्या तरी कुणापाशी? भिंतीपाशी?

हे लिफ्ट बसवायचे. सरळ-वाकडं तपासायचं, दोरीला टांगलेलं ओळंब्याचं वजन कायम खिशात, त्यामुळे खिसे फाटायचे आणि शिवायचे मी. कामगार पाठीमागे यांना ‘ओळंबासाहेब’ म्हणायचे. घरातलं प्रत्येक चित्र सरळ, प्रत्येक दार बिनआवाजाचं. बोलणं मात्र अगदी मोजकं, विचारलं तेवढंच. आणि त्यांचा एक नियम होता. ‘ज्या लिफ्टमध्ये मी माझी माणसं बसवणार नाही, तिच्यात दुसऱ्याची कशी बसवू?’ म्हणून लिफ्ट नवी झाली की रविवारी सकाळी आम्ही तिघं आधी तिच्यात बसायचो, मगच म्हणे यांची सही व्हायची. हे मी शेजारीपाजारी किती तोऱ्यात सांगितलंय! आत मात्र मी जीव मुठीत धरून उभी असायची, डोळे गच्च मिटून. हे फरशीवर एक नाणं कडेवर उभं करायचे. वरच्या मजल्यापर्यंत ते पडलं नाही, तर लिफ्ट पास. मुलगा ओणवा होऊन नाण्याकडे बघत राहायचा. वर गेलं की हे गच्चीचं दार उघडायचे, पिशवीतून थर्मास काढायचे, बिस्किटं काढायचे आणि म्हणायचे, "बघा, इथून केवढं दिसतं." मी म्हणायची, "बघितलं. चला आता, घरी कपडे भिजत पडलेत."

मुलगा नऊ वर्षांचा असताना एका नव्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आम्ही अडकलो. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. चाळीस मिनिटं. अंधारात मुलाची चड्डी ओली झाली. हे खाली बसले, त्याला तसंच मांडीवर घेतलं आणि ब्रेक कसा लागतो, दोर किती असतात, आपण का पडणार नाही, हे सांगत राहिले. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. "तुमचा नियम घाला चुलीत! पोराला काही झालं म्हणजे?" त्यानंतर मुलगा म्हणाला, मी पुन्हा येणार नाही. मीही म्हणाले, मी पण नाही. हे एवढंच म्हणाले, "बरं." पुढे रविवारी ते एकटेच जायचे.

तर ते एका ओळीचं पान घेऊन मी कंपनीत गेले. फोटो अजून टेबलावर आडवा होता. यांच्या हाताखाली तीस वर्षं काढलेले मिस्त्री भेटले. आता कानाला यंत्र आलंय, पण आवाज तोच, साऱ्या कारखान्याला ऐकू जाणारा. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "मिस्त्री, मला दुसरं काही सुचत नाही. तो नियम लिहू का, आधी घरची माणसं बसवायचा?"

"कसला नियम?"

मी सांगितला. मिस्त्री आधी हसले, मग एकदम हसायचे थांबले.

"वहिनी, माणसं घालून कुणी तपासतं का? लोखंडी वजनं असतात आमच्याकडे. दीडपट भरून तीन-तीन दिवस वरखाली करायचो. साहेब तर अशी खुसपटं काढायचे, की आमच्या नाकी नऊ यायचे. सगळं संपल्यावर सही. रविवारी तपासणीचं काम कुठलं? रविवारी सुट्टी."

मला पटेना. मी म्हणाले, हॉस्पिटलचा कागद दाखवा. त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली, बोट लावून दाखवलं. यांची सही शुक्रवारची होती. आम्ही अडकलो तो त्यानंतरचा रविवार. ती तारीख मी जन्मात विसरणार नाही.

"मग आम्हाला कशाला न्यायचे?"

"फिरायला," मिस्त्री म्हणाले. "इमारतवाल्याकडून किल्ली मागून घ्यायचे. मीच एकदा म्हटलं, साहेब, बागेत न्या, सिनेमाला न्या. तर म्हणाले, तिथं मी काय बोलू? इथं निदान मला दाखवता तरी येतं."

मग विचारायला नको होतं ते मी विचारलं. "आणि आम्ही यायचं बंद केल्यावर? रविवारी तर ते बाहेर पडायचे."

"इथंच यायचे. कारखाना बंद, पण राखणीला रविवारची पाळी माझी असायची. या बाकावर बसायचे. थर्मासमधला चहा मला द्यायचे. म्हणाले, पोरगा भ्याला, आता त्याला दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

पान मी तिथंच ठेवून आले, होतं तसं. घरी येऊन साडीही न बदलता मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग बाबांनी सांगितलं का नाही?" तो म्हणाला. "नियम कशाला सांगितला? नुसतं चला म्हणायचं. मी गेलो असतो ना, आई."

"तू गेला असतास," मी म्हटलं. "मी आले नसते. लिफ्टमध्ये कुणी फिरायला जातं का, म्हणून मी दहा माणसांत त्यांची टिंगल केली असती. ते मला ओळखून होते."

"तू तरी त्यांना नंतर विचारायचंस, रविवारी कुठं जाता म्हणून."

खोटं बोलावंसं वाटलं. पण आता कुणासाठी बोलणार?

"नाही विचारलं," मी म्हणाले. "दहा वाजले की मीच त्यांच्या हातात थर्मास द्यायची. म्हणायची, जा, लिफ्ट वाट बघत असेल. तू तुझ्या खोलीत दार लावून बसायचास. हे गेले की मी पाय पसरून पेपर वाचायची. आठवड्यातून एकदा घर मोकळं मिळायचं ना. मला फार बरं वाटायचं रे तेव्हा."