सात नंबरवरची कडी

वर बघा. ट्यूबलाइटकडे नाही, तिच्या अलीकडे, बीमच्या पोटाशी. गंजलेली, वीतभर रुंद, अंगठ्याएवढ्या जाड लोखंडाची ती मीच. मी कडी बोलतेय. दाराची नव्हे; दाराच्या कडीला येताजाता कोणीही सरकवतं. मला आजवर कोणी तसूभरही हलवलेलं नाही. हलवायला आले होते, त्यांचीच गोष्ट सांगते.

जळगावात हायवेच्या पलीकडे गिरणाई अपार्टमेंट आहे. तिथे तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, सात नंबरच्या जागेवर माझा मुक्काम. माझं माहेर मात्र धुळ्याचं. तिथल्या एका लोहाराच्या भट्टीत मला लाल करून वाकवलं. आयुष्यात तेवढीच एकदा वाकले. त्यानंतर नाही.

ही इमारत उठायच्या आधी इथे वच्छलाबाई नावाच्या म्हातारीचा मोकळा प्लॉट होता आणि मधोमध एक मोठा निंब होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आसपासच्या माहेरवाशिणी त्या निंबाला झोका बांधायच्या. वच्छलाबाईनं प्लॉट बिल्डरला विकला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "निंब तोडा, पन झोकानी जागा ठेवा." बिल्डर हसला, हो म्हणाला आणि विसरला. सेंट्रिंगच्या कामावरचा वना विसरला नाही, कारण कामाच्या दिवसांत तो रोज म्हातारीच्याच माठातलं पाणी प्यायचा. त्यानं मला धुळ्याहून आणलं, जिथे झोक्याची फांदी होती नेमकं तिथे बीमच्या सळयांना माझे दोन्ही पाय आतून आवळून बांधले आणि वरून काँक्रीट ओतू दिलं. वच्छलाबाई पुढे मुलाकडे नाशिकला गेली. मला बघायला ती काही आली नाही.

मग कितीतरी वर्षं मी नुसती लटकत होते. रंगारी आला, बीम पांढरा करून गेला आणि मला तशीच सोडून गेला. कोणी माझ्यावर केबलची वायर टाकली, कोणी पाण्याची मोटर टांगून दुरुस्त केली, कोणी लिंबू-मिरची अडकवली. ती लिंबू-मिरची माझ्यासाठी नव्हतीच, खालच्या गाडीसाठी होती. मी कशासाठी आहे हे कोणी विचारलं नाही. लोखंडालाही राग येतो, पण आम्ही तो गंजाच्या रूपानं अंगावर काढतो.

वरून माणसं बघायला बरं असतं. टक्कल दिसतं, भांग दिसतो आणि मनही बऱ्यापैकी दिसतं. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना पोळी वाढणारा माणूस गाडीच्या चाकाखालची वीतभर जागा दुसऱ्याला सोडत नाही, हे मी रोज पाहते. आणि जळगावचा उन्हाळा! इथे बाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. त्यामुळे आमच्याकडे भांडण जागेचं कमी आणि सावलीचं जास्त.

सात नंबर ज्या फ्लॅटचा, त्यात बन्सीलाल भाड्यानं राहायला आले. फैजपूरकडचे, एसटीत ड्रायव्हर. बायको सुनंदाबाई भडगावकडची आणि मुलगी मोहिनी. फ्लॅटचा मालक किरण पुण्यात राहतो. करारात त्यानं सात नंबरची जागा फ्लॅटसोबतच दिलेली, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. फक्त बन्सीलालांकडे गाडी नव्हती. एक सायकल होती, तिच्यावरून ते डेपोत जात.

वरच्या मजल्यावरच्या ललितनं ती मोकळी जागा हेरली. ललितचं स्वतःचं घर, बी-बियाण्यांचं मोठं दुकान, पहिल्या गाडीची जागा वेगळी. दुसरी पांढरी, टपावर कॅरिअरवाली गाडी आली तेव्हा तो म्हणाला, "काका, दोन दिवस लावतो हं तुमच्या जागेत." ते दोन दिवस दिवाळीआधी सुरू झाले आणि संक्रांत उलटली तरी संपले नाहीत.

एकदा बन्सीलालांनी त्याला थांबवलं. "ललितभाऊ, जागा आमची आहे. आता मोकळी करा."

"करतो की. पण काका, तुमच्याकडे गाडी कुठे आहे?" ललित हसून म्हणाला. "रिकामी ठेवून काय पूजा करणार?"

बन्सीलाल सायकलवर टांग टाकून डेपोकडे निघाले. ज्या माणसानं उमरभर अख्खी गावं गाडीत बसवून घाट चढवली, त्याला हा विचारतो, गाडी कुठे आहे! मला खाली पडता आलं असतं तर मी त्या दिवशी नेमकी ललितच्या टपावर पडले असते.

बन्सीलाल सोसायटीचे अध्यक्ष अभिमननानांकडे गेले. नाना रिटायर्ड मास्तर, सगळ्यांचं ऐकून घेणारे आणि काहीच न ठरवणारे. ते म्हणाले, "तुम्ही भाडेकरू. तुमच्या मालकाला बोलू द्या." मालकाला फोन लावला तर किरण म्हणाला, "काका, जरा ॲडजस्ट करा ना. ललितशी माझे संबंध आहेत. आणि आखाजीला आपला करार संपतोय, नव्या करारात पार्किंग काढूनच टाकू. नाही जमत, तर दुसरं घर बघा."

आखाजीलाच! इकडे शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला बदलतं, तसं किरणनं यांचं घर बदलायला काढलं.

त्याच हिवाळ्यात मोहिनीचं लग्न झालं, धुळ्याला दिली. चैत्र लागला तशी सुनंदाबाईची घालमेल सुरू झाली. लग्नानंतरची पहिली आखाजी. पोर माहेरी येणार, सांजोऱ्या होतील, घागर भरली जाईल, पण झोका? गावी शेताच्या बांधावर झाडं आहेत, इथे फ्लॅटच्या गॅलरीत तुळस जेमतेम मावते. सासरी बाया विचारतील, माहेरी झोका खेळलीस का, तर पोरीनं काय सांगायचं?

एके दिवशी भाजीची पिशवी घेऊन येताना सुनंदाबाई सात नंबरशी थांबली आणि सहज मान वर केली. मला पाहिलं. नीट पाहिलं. "अव माय!" एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत मला कोणीतरी कडी म्हणून ओळखलं. खरं सांगते, मी सुखावले.

तिनं ललितला सांगितलं, की आखाजीच्या सणापुरती तरी जागा मोकळी ठेवा, पोरीला झोका बांधायचा आहे. ललित "बघू" म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं टपावर बियाण्याची खोकी रचून गाडी आत घातली आणि वरचं खोकं माझ्यावर घासून फाटलं. बी सांडलं. मग काय विचारता! "ही कडी आहे कशाला इथे? कापून टाकतो," म्हणाला. एका दगडात दोन पक्षी मारायचे होते त्याला: गाडीला आडकाठी नको आणि झोकाही नको.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ललित गाडी घेऊन दुकानात गेला. सात नंबर रिकामा झाला आणि लगेच सुनंदाबाई खाली आली. चटई, परात, पोळपाट, शेगडी, सगळं घेऊन आली आणि मधोमध बसून सांजोऱ्या लाटायला लागली. पार्किंगमधला चार नंबर ज्या फ्लॅटचा, त्यात भाड्यानं राहणारी एरंडोलची पुष्पाबाई तिच्या मदतीला येऊन बसली. पुष्पाबाईच्या जागेतही दुसऱ्याचीच गाडी असायची, त्यामुळे तिच्या हातातलं लाटणं त्या दिवशी जरा जोरातच फिरत होतं.

थोड्या वेळानं ललितनं पाठवलेला माणूस आला. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या हातात ग्राइंडर. मी त्या चक्रीकडे बघितलं आणि माझ्या पायांतल्या सळया आठवल्या. घाबरले नाही असं म्हणणार नाही. लोखंड लोखंडाला ओळखतं.

"अक्का, जरा बाजूला व्हा. कडी कापायची आहे."

सुनंदाबाईनं लाटणं थांबवलं नाही. "काप ना भाऊ. शिडी कोठे लावशी?"

"म्हणजे? इथेच."

"आठे? ही बठ्ठी जागा मन्ही शे. माले इचारीसन लाव. आनि मी नही म्हनस."

तो माणूस मागे गेला, पुढे आला. शेजारच्या सहा नंबरमध्ये कार, आठमध्ये कार. माझ्याखाली येणारी जागा तेवढी सुनंदाबाईची. तो ललितला फोन लावणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "तुन्ही बहीण येस का नही आखाजीले?"

"येते ना. आजच यायची."

"झोका कोठे बांधस तिले?"

"गावात निंब आहे आमच्या."

"मन्ही पोर पहिली आखाजीले येई राह्यनी. तिना निंब हाई कडीच शे." मग सुनंदाबाईनं चटईखालचा नवा कोरा दोर बाहेर काढला. "शिडी आनीच शे, ते दोर बांधी दे."

पुष्पाबाईनं त्या माणसाच्या हातावर गरम सांजोरी ठेवली. त्यानं ती उभ्याउभ्या खाल्ली, ग्राइंडर भिंतीशी टेकवून ठेवला, सुनंदाबाईच्या परवानगीनं शिडी लावली आणि माझ्या दोन्ही खांद्यांना दोराच्या पक्क्या गाठी मारून दिल्या. ललितनं पाठवलेल्या शिडीवर चढून, ललितनं पाठवलेल्या माणसानं! वना कुठे असेल तिथे हे त्याला कोणीतरी सांगावं, असं मला फार वाटलं.

संध्याकाळी बन्सीलाल आले ते मोहिनीला घेऊनच. त्यांची ड्युटी धुळ्याच्या गाडीवर होती. पोरगी बापाच्याच बसमधून माहेरी आली. रिक्षातून उतरली, झोका पाहिला, बॅग तिथेच टाकली आणि पळत येऊन बसली. तिचं वजन माझ्यावर आलं. मोटरी, वायरी, लिंबं, काय काय पेललं होतं मी, पण माणूस पहिल्यांदा. कुरकुरले थोडी. गंज होता तो, रडणं नव्हे.

इमारतीतल्या बाया जमल्या. गाणी सुरू झाली. आणि फाटकातून ललितच्या गाडीचे दिवे आत आले.

त्यानं हॉर्न दिला. झोका थांबला नाही. त्यानं पुन्हा दिला, लांब. तशी पुष्पाबाईनं पदर खोचला आणि हॉर्नच्याही वर आवाज चढवून गाण्यात नवी ओळ घुसवली,

"गाडी मोठी व माय, मन धाकलं,
सावली चोरीसन कोन्हं भागलं!"

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आखाजीच्या गाण्यातला टोमणा कोणी मनावर घ्यायचा नसतो, अशी रीत आहे. घेतला तरी बोलता येत नाही. ललित लालबुंद होऊन उतरला आणि बायांना सोडून जिन्याशी उभ्या असलेल्या अभिमननानांकडे वळला. "नाना, नियम काय आहे? पार्किंगमध्ये फक्त गाडी लावायची. हे काय चाललंय?"

नानांनी घसा खाकरला. "नियम तसा आहे खरा. पार्किंगमध्ये गाडीच पाहिजे."

बन्सीलाल इतका वेळ खाकी गणवेशात खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले. मला वाटलं, आता हात जोडतील. त्यांनी झोक्याचा दोर धरला.

"गाडीच आहे ही," ते म्हणाले. "माणूस बसतो, पुढे जाते, मागे येते. ड्रायव्हर मी आहे. चला, धुळे गाडी! एरंडोल, पारोळा, धुळे! डबल बेल!"

आणि पोरीला त्यांनी असा झोका दिला, की तिचे पाय पार फाटकाकडे गेले. बाया ओरडल्या, "एरंडोल!" झोका मागे आला. "जळगाव!" पुन्हा पुढे. "पारोळा!" मोहिनी हसत होती आणि हसताहसता डोळे पुसत होती. पुढे सासर, मागे माहेर, आणि मागे आली की दर वेळी बापाचे दोन्ही हात तिला झेलायला तयार. मी वरून सगळं बघत होते. माझं लोखंड तापलं होतं, आणि ते काही उन्हाळ्यामुळे नव्हे.

नाना म्हणाले, "गाडी आहे म्हणतात, तर मग…" आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांनी आयुष्यात केलेला सगळ्यात मोठा निवाडा तो. ललितनं गाडी बाहेर रस्त्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी दोघं झोक्यापाशी असतानाच किरणचा फोन आला. ललितनं कळवलं होतंच. "काका, हे काय ऐकतोय? लोकांना त्रास देताय. घर भाड्याचं आहे, विसरू नका."

बन्सीलाल बोलायच्या आधी सुनंदाबाईनं फोन घेतला. "किरणभाऊ, घर भाडानं शे, पोर भाडानी नही शे. जागासगट घर देत असशी ते ऱ्हातस आम्ही. नही ते सांग, सामान बांधतस. पन जागा सोडी देवो नही."

नवं घर शोधणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. तरी बोलली.

किरणनं बरेच दिवस कळवलं नाही. पण तोवर चार नंबरमध्ये पुष्पाबाईनं शिलाई मशीन आणून मांडलं, दोन नंबरच्या भाडेकरूनं बाज टाकली आणि प्रत्येकानं आपापल्या मालकाला तेच ऐकवलं, जागेसकट घर. एका इमारतीतले सगळे भाडेकरू एकदम काढायचे कोणी? शेवटी करार झाला, सात नंबरसकट.

आखाजी संपली की झोका सोडतात. बन्सीलालांनी सोडलेला नाही. ड्युटीवरून आले की ते गणवेशातच थोडा वेळ त्यावर टेकतात, मग जिना चढतात. त्यांची गाडी जागेवर उभी असते.

ललित अजून प्रत्येक मीटिंगला म्हणतो, "ती कडी मी कापणारच." त्याला माझा निरोप सांगा. ये बाबा, खुशाल ये. ग्राइंडर आण, शिडीही आण. शिडी तर आण‍च. मोहिनी बाळंतपणाला येतेय, आणि सुनंदाबाईला पाळणा बांधून हवाय.