खाट क्रमांक चौदा

आजाऱ्यांना घरी वापरायला खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या देणारी ती संस्था. तिथल्या कोठीवाल्या काकांच्या रजिस्टरात खाट क्रमांक चौदा कुठे आहे ते लिहिलेलं होतं, पण रजिस्टर वाचणारे एकटे काकाच. खाट त्यांच्याच घरी होती. तिच्यावर बायकोनं प्राण सोडला, त्याला सात महिने झाले. दर एक तारखेला काका स्वतःच्या हातानं मुदत वाढवत. संध्याकाळी खाटेशेजारी खुर्ची ओढून, ताट मांडीवर घेऊन जेवत. कालच एक गृहस्थ कोठीच्या दारात येऊन गेले, बायकोचं मांडीचं हाड मोडलंय म्हणाले. खाट मोकळी नाही हो, असं सांगताना काकांनी नजर रजिस्टरातच ठेवली.

या महिन्यापासून फोन आणि निरोप संगणकातला एजंट बघणार होता. त्याच्या हाताशी चार टूल, म्हणजे त्याला करता येणारी चार कामं: खाट द्या, फोन करा, मुदत वाढवा, परत मागवा. कुठलं टूल कधी वापरायचं, हे लिहून देणं काकांकडे आलं. 'परत मागवा'पुढे त्यांनी लिहिलं: मुदत संपली की वापरावे.

पहिल्याच सकाळी एका सुनेचा फोन. दुपारी खाट न्यायला टेम्पो येतोय असा निरोप आलाय, आणि सासूबाई तर अजून खाटेवर आहेत. त्यांना काय भिंतीला टेकवून उभं करू? काकांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली, टेम्पो थांबवला आणि एजंट बसवून देणाऱ्या इंजिनियर बाईंवर घसरले. आधी माणूस कसा आहे ते विचारायचं, मग खाटेचं काढायचं, एवढंही त्याला सांगावं लागतं का?

"लागतं, काका," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या मनातलं त्याला दिसत नाही. तुम्ही लिहाल तेवढंच त्याला ठाऊक."

तुमचं अर्धं बोलणं पोटातच राहतं, असं बायकोही म्हणायची. काका एकेक अक्षर शोधत नव्यानं लिहायला लागले.

'परत मागवा. मुदत संपली म्हणून लगेच वापरू नये. आधी फोन करून रुग्ण कसे आहेत ते विचारावे. उत्तर येईपर्यंत थांबावे, घाई करू नये. रुग्ण खाटेवर असतील तर मुदत वाढवावी. देवाघरी गेले असतील तर त्या दिवशी खाटेचा विषय काढू नये. आठ दिवसांनी पुन्हा फोन करावा. घरच्यांनी आपणहून सांगितले तरच टेम्पो पाठवावा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि मुदत संपलेल्यांची यादी एजंटपुढे सोडली. तेव्हा काकांच्या ध्यानात आलं, आज एक तारीख. सकाळच्या गोंधळात चौदा नंबरची मुदत वाढवायची राहिली. तोवर खिशातला फोन वाजलाच.

काका जिन्यात गेले.

"नमस्कार, संस्थेचा एजंट बोलतोय. रुग्ण कसे आहेत?"

सात महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. आणि मुलगा फोनवर हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचा. पलीकडे शांतता होती. लिहिलं होतं तसा तो थांबला होता.

"गेली ती," काका म्हणाले. "सात महिने झाले."

"वाईट वाटलं ऐकून. आज बाकी काही बोलत नाही. आठ दिवसांनी फोन करू का?"

नुसतं हो म्हटलं असतं तर आणखी आठ दिवस मिळाले असते. काकांना दारातले ते गृहस्थ आठवले.

"खाट आजच न्या. डाव्या कठड्याची खिट्टी घट्ट आहे. आधी दाबायची, मग उचलायची. नाहीतर बोट चेमटतं. ज्यांच्याकडे जाईल त्यांना हे सांगा." मग म्हणाले, "आणि आठ दिवसांनी फोन मात्र करा."

"खाट परत आल्यावर फोन करायचा, असं मला कुठे लिहून दिलेलं नाही."

काका आत आले. पाचवं टूल जोडता येईल का, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी खुर्ची रिकामी करून दिली.

'विचारपूस. खाट परत आल्यावर आठ दिवसांनी वापरावे. काहीही मागू नये. समोरचा बोलेल तोवर ऐकावे.'

संध्याकाळी घरी खोलीत खाटेच्या चार पायांचे चार ठसे तेवढे उरले होते. खुर्ची कुठे ओढावी ते काकांना बराच वेळ सुचेना. शेवटी ती त्यांनी ठशांच्या मधोमध ठेवली, ताट मांडीवर घेतलं, आणि देवाचं नाव घेऊन पहिला घास तोंडात घातला.